रीडिंग

महापालिकेच्या फॉर्मवर चौकोन आठ.
नाव, रस्ता, उघडल्याचं साल, खुर्च्या,
बंद पडल्याचं साल, छप्पर, मालक,
आणि सगळ्यांत लहान, शेवटचा : सद्यस्थिती.
त्यात जेमतेम दोन शब्द मावतात.

मोन्तेविदेओच्या या अंगाला
दर सात-आठ गल्ल्यांआड एक थेटर होतं म्हणतात.
माझ्या आधीच्या माणसानं पाच शोधली आणि नोकरी सोडली.
मला वाल्देमार बेन्तांकोर भेटले,
वय एक्क्याऐंशी, वीज कंपनीतून निवृत्त,
काखेत थर्मास, मुठीत कडू पाल्याच्या चहाचा तुंबा,
डोक्यात चौतीस वर्षांची रीडिंगं.
"सिनेमे मी फारसे पाहिले नाहीत," म्हणाले,
"मी त्यांची वीज पाहिली."

ग्लोरिएता : आता पार्किंग.
पडदा होता तिथे एक पांढरी व्हॅन,
नाक भिंतीला लावून
शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी.

सेलेस्ते : आता देवाचं.
पाद्री माइकवरून सैतान हाकलतो.
खुर्च्या त्याच, त्यांवरचे नंबरही तेच,
फ-तेरावर एक बाई डोळे मिटून रडत होत्या.
वाल्देमार कुजबुजले,
"इथे आधीही रडायचेच. तेव्हा तिकीट होतं."

रेमान्सोत औषधांचं दुकान आहे.
उतरती जमीन त्यांना काही सपाट करता आली नाही,
म्हणून खोकल्याची औषधं वर, मलमं खाली,
आणि काउंटरवरून डबी सुटली
तर ती घरंगळत थेट पहिल्या रांगेपर्यंत जाते.
दुकानातली मुलगी म्हणाली, सवय झालीये.

त्यांना युनिटं तोंडपाठ.
रविवारी एका तिकिटात तीन सिनेमे,
तेव्हा मीटरची चकती भोवऱ्यासारखी फिरायची.
खाटीकखान्यात संप झाला की मंदावायची.
"आणि टीव्ही आला त्या हिवाळ्यात तर..."
पुढचं वाक्य त्यांनी नळीतून ओढून गिळलं.

आल्बोरादा शेवटचं. ला तेखात, उताराच्या टोकाला.
दाराचं कुलूप गंजून दाराचंच झालेलं,
आम्ही शेजारच्या टायरवाल्याच्या अंगणातून शिरलो.
छप्पर अर्धं.
खुर्च्या कुणी नेल्या कोण जाणे, पाय तेवढे
जमिनीत राहिलेत, कापणीनंतरच्या धसकटांसारखे.
वाल्देमार जिन्याशी थांबले. गुडघे, म्हणाले.

वर, प्रोजेक्टरच्या खोलीत, मी टॉर्च फिरवला.
एक विजेची शेगडी.
घडी घातलेली चादर.
बशीत केसांच्या चार पिना.
भिंतीवर अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट.

फायलीत लिहिलंय : खेळ बंद, मार्च सत्त्याऐंशी.

"इथे कोण राहायचं?" मी वरूनच विचारलं.
"कोणी नाही."
"पण इथे तर..."
"कंपनीत माझी वही असेल, बघा जाऊन.
अकरा वर्षं, दर महिन्याला,
माझ्या अक्षरात शून्य."

मीटर जिन्याखाली होता, काच धुळीनं आंधळी.
बाहीनं पुसली.
शेवटच्या बिलाची झेरॉक्स माझ्याजवळ होती,
मी उभ्याउभ्या वजाबाकी केली :
चार हजार एकशे बारा.
म्हणजे महिन्याला तीस. एक दिवा, ती शेगडी,
हिवाळे धरून.
वाल्देमार माझ्याकडे न बघता
थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले. ते घट्टच होतं.

बाहेर टायरवाल्याचा कुत्रा भुंकून दमला.
बस यायला वेळ होता.
"तिकिटं फाडणाऱ्या बाईचे हात," ते मध्येच म्हणाले,
"गार असायचे. भर जानेवारीतसुद्धा.
अर्धं तिकीट परत घेताना कळायचं."
मग बस आली. खिडकीपाशी ते बसले.
सिनेमे फारसे पाहिले नाहीत म्हणणारा माणूस
सबंध रस्ताभर गप्प.

रात्री फॉर्म भरले.
आल्बोरादा. खुर्च्या : सहाशे चाळीस, आता नाहीत.
छप्पर : अर्धं.
सद्यस्थिती : पत्रा, गंज. दोन शब्द, मावले.
बंद पडल्याचं साल.
पेन थोडा वेळ तिथेच टेकलं, शाईचा ठिपका पडला.
मग लिहिलं : सत्त्याऐंशी.
माझ्या अक्षरात.