तिसरा दगड

हवामान खात्याचं म्हणणं, तीनपर्यंत कोरडं.
हेडली फोन पुढे धरून उभा,
जणू त्या निळ्या चौकटीखाली कुणाची सही होती.

आभाळ खरंच धुतल्यासारखं.
यॉर्कशरच्या त्या उतारावर मेंढ्या,
आणि रचीव दगडांच्या गडग्यांमागे, जिथे ऊन पोचत नाही,
बर्फाच्या उरल्यासुरल्या रेघा. काल त्या रुंद होत्या.

थर्झा ऑल्डरसनच्या अंगणात गाडी लावायची,
डब्यात एक पौंड टाकायचा,
दाराशेजारच्या पाटीवर खडूने लिहायचं,
किती जण, कुठलं विवर, वर कधी येणार.
आम्ही लिहिलं: तीन. स्केल्डा. चार वाजता.

ती बादली घेऊन बाहेर आली, पाटी वाचली.
"रात्री खिडकी उघडी टाकून झोपले मी," म्हणाली,
"फेब्रुवारीत."
एवढंच. आणि कोंबड्यांकडे गेली.

ओढ्यात सात दगड आहेत पलीकडे जायला.
पहिला सदाच ओला. दुसरा भिजला तर थांबून विचार करायचा.
तिसऱ्याच्या माथ्यावरचं शेवाळ कोरडं असेल
तर दोर खांद्यावर घ्यायचा.
शेवाळ कोरडं होतं.

पण पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
काठाला फेसाची पिवळट किनार,
आणि हात घातला तर मनगटापर्यंत कळ गेली.
पाऊस नव्हता आला. वरचं पठार वितळत होतं,
ती काळी भुसभुशीत माती रात्रभर पाणी पीत राहिली,
आणि तिचं पोट किती मोठं, कुणाला माहीत?

मी काठाशी काटकी रोवली, चाकूने खूण केली.
वीस मिनिटं. कुणी बोललं नाही.
पाणी बोटभर चढलं. किंवा वाऱ्याची लाट असेल.

आत एक जागा आहे, जिथे छत आणि पाण्यामध्ये
चार बोटं हवा असते.
उताणं व्हायचं, ओठ दगडाला टेकवायचे, सरकायचं.
"चारातून एक गेलं, तीन उरली," हेडली म्हणाला.
वजाबाकी बरोबर होती.
मी परतीची वजाबाकी करत होते.

निनियन सतरा वर्षांचा. नवा पिवळा सूट,
गुडघ्यांवर अजून चिखलाचा डाग नाही.
तो आमच्या तोंडांकडे बघत होता, आळीपाळीने,
मग म्हणाला, "आवाज बदललाय का?"

आम्ही ऐकलं.
खळखळीच्या खाली, अगदी तळाशी,
दगड दगडाला टेकत होते,
बंद खोलीत कुणी सामान हलवावं तसे.

हेडलीने हेल्मेट काढलं. पट्टा बराच वेळ सुटेना.

पाटीवरचा खडू मी बाहीने पुसला.
चार वाजता आम्ही पबमध्ये, खिडकीशी,
काचेवर ऊन, शेजारच्या टेबलाखाली कुत्रा झोपलेला.
"गेलो असतो," हेडली म्हणाला,
"तर आत्ता वर येऊन ओले मोजे पिळत बसलो असतो."
असतो, कदाचित. मी वाद घातला नाही.
निनियनने दोन प्लेट चिप्स खाल्ल्या.

घरी परतताना पुलावर गाडी हळू केली.
दिव्यांच्या उजेडात दगड मोजले,
पलीकडच्या काठावरून, उलटे,
सात, सहा, पाच, चार.
अंधार होता. म्हणून पुढचा दिसला नसेल.