अस्तर

हिंगण्याच्या शेडमध्ये फोम फुगतो पावासारखा.
त्यात मी चाळते सरकीच्या लवेची पूड,
शेकडा बारा. चौदाला चुरा होतो.

डोमाजी गजभिये, इतवारीतल्या गोदामाचा चौकीदार.
डावा पाय गुडघ्याखाली नाही.
मे महिन्यात खोबणीत घाम साचतो, पाय निसटतो.
"थो रडते जी, मॅडम. मी नाई."

आज नवं अस्तर चढवून
उन्हात पाठवला, सेहेचाळीस अंशांत.
तासाभरानं आला. बसला. पट्टे सोडले.

अस्तर काट्यावर ठेवलं:
एकोणीस ग्रॅम जास्त.
"काय निघालं?"
"पाणी."
"मीठ बी असन न जी,"
म्हणाला, आणि खुंटावरून हात फिरवत राहिला,
कोरड्या.

वहीत मिठाचा रकाना नव्हता.
पट्टी शोधली.