चार आकडे

पुंता अरेनासचा वारा असा, की
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालायला.
त्या दोराला धरत ओतिलिया येते, पाठीवर हत्यारांची पिशवी.
बँकेच्या मशीनपुढं उभी राहते
आणि कार्डाची खाच अंगठ्यानं हलवून बघते,
दुखरा दात हलवावा तशी.

गेल्या महिन्यात ती हललीच होती.
नखाएवढी पट्टी, कार्डाची चोरून नक्कल करणारी,
आणि वर, दिव्याच्या कडेला, मोहरीएवढा डोळा.

आता पाठचं झाकण उघडं.
डिस्कला कुलूप, तारेला कुलूप.
परकी पेटी जोडून कुणी म्हणालं, ओत सगळं,
तर यंत्रानं आधी विचारायचं: तू कोण?
एवढं शिकवायला रात्रीचे तीन तास.
बोटं बधिर. थर्मासमधली कॉफी कधीच निवलेली.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हातारा एउसेबियो,
मेंढ्या कातरून कातरून वाकलेला, कानानं ठार बहिरा.
ती म्हणाली, हातानं झाकून दाबा.
"काय?"
झाकून!
"हां हां," म्हणत त्यानं चारही आकडे
एकेक दाबत मोठ्यांदा म्हटले:
एक. नऊ. सहा. चार.
"बायको बोटीतून उतरली ते साल." वर हेही.

रांग गप्प.
कुणी बुटांकडं बघतंय, कुणी समुद्राकडं.
ओतिलियानं पाना पिशवीत टाकला.
याला कुठलं कुलूप लावायचं
ते तिच्या वहीत नव्हतं.
ती नुसती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली,
वाऱ्याकडं आणि रांगेकडं
पाठ करून.