बाकी एक

मंगळवारी दुपारी विजयनगरच्या मॉलमध्ये
दर अर्धा असतो, लेन रिकाम्या,
भाड्याच्या बुटांत फवाऱ्याचा ओलावा.
सहा नंबरचे बूट, नारंगी गोळा.
पहिला टाकला की नऊ पडतात.
उजव्या कोपऱ्यातली दहावी
मान जराशी हलवते, विचार करते
आणि राहते.

सियागंज शाखेत एकतीस वर्षं मी कॅशवर होते.
एक रुपया कमी भरला की
शटर अर्धं ओढून सगळे बसायचे,
दाणीसाहेब, शिपाई ओंकार, मी.
कचोरी येई, दुसऱ्यांदा चहा येई,
रुपया येत नसे.
माझ्या पर्समधला टाकते म्हटलं
तर दाणी चष्मा काढायचे:
"मंदाकिनीबाई, भरपाई म्हणजे हिशोब नव्हे."

तर ही एक मला कशी सोडवणार?

रोखून बघायचे तिच्याकडे,
दात आवळून टाकायचे,
गोळा नालीत.
तिच्या शेजारून, अगदी सभ्यपणे, नालीत.

असे पाच मंगळवार.
मग मशीनमागून कैलाश भिया आला,
हात ग्रीसने काळे, कानात कापूस.
तो पिनांच्या पाठीमागे बसतो,
माझी दहावी त्याला डाव्या हाताला दिसते.
कापसातूनही, नुसत्या आवाजावरून
सांगतो कोणती राहिली.
"दीदी, उसको घूरो मत," म्हणाला,
"वो कहीं नी जा री."

त्यानं सांगितलं ते आठवेल तसं:
उजवीकडची हवी तर डावीकडे जा,
इतकं डावीकडे की चुकल्यासारखं वाटावं.
खांदे कोपऱ्याकडे तिरपे.
डोळा मधल्या बाणावर, पिनेवर नाही;
बाण जवळ आहे, जवळचं तेवढं बघ.
मनगट वळवू नको,
पहिल्या फेकीची नजाकत पहिल्या फेकीलाच.
हात सरळ पुढे,
जाळीखालून पासबुक परत देतात तसा.
(पासबुक माझं. तो म्हणाला होता, रोटी सरकवतात तसा.)
आणि सोडल्यावर तिथंच थांब,
हात वर, आवाज येईपर्यंत.

बाकी सगळं हळूहळू जमलं, थांबणं जमेना.
एकतीस वर्षं "पुढचे" म्हणून हाक मारलेली,
गोळा अर्ध्यात असतानाच मी वळलेली असायची.

एकदा सात आणि दहा, दोन्ही टोकं उभी,
मधे रिकामं चकचकीत लाकूड.
मी दोन्हींचा विचार करत
मोजून चार वेळा जागा बदलली.
मागून आवाज आला:
"एक ले लो दीदी, दूसरी को नमस्ते."
घेतली. नमस्ते मात्र मनापासून झालं नाही.

दहातून नऊ गेले, बाकी एक.
ती पडली की चौकटीत तिरकी रेघ उमटते,
आकडा नाही.
आकडा पुढच्या फेकीची वाट बघतो,
तिचे जितके पडतील तितके इथंही धरायचे.
आमच्याकडे अशा रकमेला उचंत खातं असायचं
आणि दाणींना त्याची झोपेतही भीती वाटायची.
मला शाळेतली बेरीज आठवते:
शून्य मांडलं,
हातचा एक.
हातचा. म्हणजे हातात काही नसतं,
फक्त विसरायचं नसतं.

काल शेवटच्या चौकटीत पुन्हा नऊ.
डावीकडे गेले. श्वास सोडला. बाण बघितला.
सोडला, आणि थांबले,
हात वर, जणू कुणाला तरी रिक्षा थांबवायची आहे.
बराच वेळ काही झालं नाही.
मग एकच कोरडा टक्,
आणि पडद्यामागून कैलाश भियाची शिट्टी.

बक्षिसाची एक फेक मिळते.
घाईत टाकली, सहा पडल्या.
चार उभ्या होत्या, चांगल्या जवळजवळ,
घेता आल्या असत्या.
वरून दांडा आला आणि त्यांना घेऊन गेला.
दिवे मंद झाले.
मी बूट काढले,
काउंटरवर दिले,
आणि पावती मागितली.