तेविसावं घर

अमळनेरला स्टँडसमोर माझं दुकान.
लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या झेरॉक्स,
आणि, हे पाटीवर नाही, बँडवाल्यांची नोटेशनं.

कुतुबुद्दीन मास्तर चाल गुणगुणायचे,
मी ज्वारी निवडावी तसा
एकेक काळा दाणा रेघेवर ठेवायचो.
चाल सात मात्रांची. सात छेद आठ,
शाळेतल्या अपूर्णांकासारखं वर टाकलं.
बावीस घरं सरळ गेली.
तेविसाव्याला ओळ मोडली
आणि सॉफ्टवेअरने एक आठवी मात्रा आणून बसवली.
रिकामी.
लिहिलेलं सातच, मोजली तर आठ.

क्लिक केलं तर सापडेना.
पुसली तर शेजारचा स्वर जाई, ही तिथेच.
फाइल बंद करून उघडली. मशीन बंद करून उघडलं.
मग लाईट गेली, तोही उपाय झाला.
लाईट आल्यावर पाहतो तर बाई बसलेल्याच.

लग्न दुसऱ्या दिवशीचं. छापलं.
अकरा प्रती, दोन रुपयांप्रमाणे.

वरात दुकानावरूनच गेली.
तेविसावं घर आलं
आणि अकरा जण एकदम गप्प.
सुपडूचा हात ताशाच्या वर, तसाच.
घोडी थबकली, नवरदेवाचं बाशिंग नाकावर आलं,
नाचणाऱ्या मावशीचा पाय हवेत,
आणि त्या एवढ्याशा फटीतून
मला मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी ऐकू आली.
मग काडी पडली.
अशी पडली की लोक ओरडले, परत, परत!

त्या सीझनला पारोळ्याच्या बँडने ती उचलली,
मग धरणगावच्यांनी.
कोणी म्हणे, ही जुनी खानदेशी उसंत,
एकाने तर आपल्या पणजोबाचं नाव सांगितलं.
मी कशाला बोलू? माझे बावीस रुपये अजून यायचे होते.

परवा अपडेट आलं.
बारीक अक्षरांत: मापातील त्रुटी दूर केली.
नव्या प्रती काढल्या. मास्तर वाचत गेले,
सुपडूला कागद वाचता येत नाही,
तो काउंटरवर बोटं वाजवत राहिला.
तेविसाव्याला त्याचा हात वर गेला
आणि वरच राहिला.
मास्तर पुढे निघून गेले होते.

"आठे काहीतरी कमी शे, भो."

रात्रीचे साडेदहा. शटर अर्धं खाली.
मी ती मात्रा हाताने घालून बघतोय,
आणि ते घर लाल होतंय पुन्हा पुन्हा:
एक जास्त आहे, एक जास्त आहे.