काढणे

गुरुवारी तीन ते पाच, लिएपायाच्या ग्रंथालयात
हीटरशेजारच्या टेबलावर मी बसते.
माझ्या नावाची पाटी नाही. नुसतं लिहिलंय :
कॉम्प्युटरचं काहीही विचारा.
माणसं खरंच काहीही विचारतात.

ओयार्स विचारतो, प्रिंटर माझ्यावर रुसलाय का.
रुसलेला नसतो, वायर निघालेली असते.
एक निवृत्त शिक्षिका पासवर्ड आणते
विणकामाच्या नमुन्यात दडवून :
दोन उलटे, एक सुलटा, मग जन्मसाल.
कुणाचा फोटो आडवा झालेला,
कुणाची फाइल "अहो इथंच तर ठेवली होती".
मी माऊसला हात लावत नाही. हा माझा नियम.
हात त्यांचा, बोट दाखवणं माझं.

वेल्गाच्या वेळी तो मोडला.
एकतीस वर्षं तिनं डब्यात मासे भरले,
अजून कीबोर्ड असा चाचपते
जणू कुठलं तरी झाकण सैल राहिलंय.
पेनड्राइव्ह काड्यापेटीत. पेनड्राइव्हमध्ये एकच फोटो :
सत्त्याऐंशीचा किनारा, वाळूत बसलेली ती,
वाऱ्यानं तोंडात गेलेले केस, हातात अर्धं सफरचंद,
आणि खालच्या कडेकडून तिच्या पावलांपर्यंत
एक लांब, टोपीवाली सावली.

ती म्हणाली, सावली.
मग एक क्रियापद म्हणाली, जे मला अर्धंच येत होतं.
तिच्या भाषेत मी तीन वर्षांची आहे.
डोक्यात त्याचं मराठी झालं :
सावली काढायची आहे.

सोपं होतं. मी माऊस घेतला,
शेजारची वाळू उचलली, सावलीवर पसरली,
पुन्हा उचलली, पुन्हा पसरली,
एक शिंपलासुद्धा दोनदा आला, तो पुसला.
दहा मिनिटांत किनारा स्वच्छ.
मी खुर्ची तिच्याकडे वळवली,
शाबासकीची वाट पाहत.

ती पडद्याकडे बघत राहिली.
मग विचारलं, अगदी साध्या शब्दांत, मला कळतील अशा :
एल्मार्स कुठे गेला?

फोटो नेहमी तोच काढायचा.
म्हणून तो कुठल्याच फोटोत नाही.
हा एवढाच. हा उपडा, पातळ, चेहरा नसलेला.

आमच्यात फोटो काढतात आणि दातही काढतात.
काटा काढतात, कर्ज काढतात, समजूत काढतात,
गेलेल्याची आठवण काढतात, उरलेले दिवस काढतात.
पुसायला आणि उमटवायला एकच शब्द,
आजवर मला त्यात काही खुपलं नव्हतं.

फाइल बंद केली नव्हती. नशीब.
कंट्रोल दाबून झेड. एक पाऊल मागे.
शिंपला परत आला.
झेड. वाळूचा एक तुकडा काळवंडला.
"हळू," वेल्गा म्हणाली.
आणि मग तिनं माझा हात बाजूला केला
आणि स्वतःच दाबू लागली, एका बोटानं,
प्रत्येक वेळी थांबून :
टोपी, मान, एक खांदा,
शेवटी दोन्ही कोपरं, बाहेर आलेली,
डोळ्याशी कॅमेरा धरल्यावर येतात तशी.

कोपरांवर तिनं बोट ठेवलं. पडद्यावर डाग पडला.
मी पुसला नाही.

आता उलटं करायचं होतं :
थडग्यावर बसवायच्या चिनी मातीच्या लंबगोलात
मावेल एवढी सावली हवी होती. तिच्यासकट नको.
"मला," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच क्रियापद.

या वेळी मी विचारलं.
कागद पुढे केला, पेन दिलं,
म्हटलं, दाखव, म्हणजे काय करायचं?
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे,
मग बराच वेळ त्या अर्ध्या सफरचंदाकडे.

मागे ओयार्स उभा होता, हातात वायर घेऊन,
पाच वाजून गेले होते,
आणि वेल्गानं अजून काहीच काढलं नव्हतं.