मुदत २०६३

मी सरकारला कर्ज दिलं आहे.
हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं,
एकदा आरशासमोर, एकदा दूधवाल्यासमोर.
तो म्हणाला, बाई, मग आमचं मागचं बिल?

साठवलेल्यातले दोन लाख. रोखे.
दरसाल सात टक्के आणि वर थोडं चिल्लर,
मुद्दल परत जून २०६३ ला.
तेव्हा मी एकशे आठ वर्षांची असेन.
म्हणजे नसेन.

चौतीस वर्षं कोषागारात काढली.
एकतीस मार्चच्या रात्री खिडक्या उजळलेल्या,
पंख्याखाली देयकांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर दगड,
बाहेर बाकावर कंत्राटदार अत्तार पेंगायचे,
दचकून विचारायचे,
"बाई, लेखाशीर्षात शिल्लक आहे ना?"
शिल्लक कधीच नसायची.
मग वरून फोन यायचा, मग कागद यायचा,
धुमाळ शिक्क्यावर तीच तारीख धरून ठेवायचा
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे
पहाटेपर्यंत कुणी बघायचं नाही.

तूट हा शब्द तेव्हापासूनचा ओळखीचा.
दोऱ्याची तूट बोटाला कळते,
दागिन्यातली सोनार सांगतो,
ही मात्र रकान्यात बसून असते, गप्प,
आणि तिच्यावरून पूल जातो,
पुलावरून मी, भाजीची पिशवी घेऊन.

नरहरभावजी रविवारी येतात.
बँकेतून निवृत्त. अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
मी विचारते, सरकार झोपतं कुठे?
ऋण काढून सण चाललाय, म्हणतात,
दुसरा चहा घेतात, मेट्रोने वनाजला जातात.

पण त्यांचंही अगदीच खोटं नाही.
आमच्या गल्लीचा फुटपाथ
दर मार्चला उखडतात, दर मार्चला घालतात,
तेच लाल ठोकळे, तीच नागमोडी.
यंदाची चौथी खेप.
त्यात माझे किती ठोकळे, म्हणून मोजायला गेले
तर मुकादम म्हणाला, आजी, पाय सांभाळा.

"आज जन्मणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर
एवढं एवढं कर्ज आहे, वहिनी."
आकडा ते दर रविवारी वाढवून आणतात.
म्हणून एक डोकं बघायला गेले.

आमच्या वॉचमनची, ओव्हाळांची, सून. रोहिणी.
कमला नेहरू रुग्णालय, वरचा मजला.
सातव्या महिन्यातच झालेली मुलगी,
ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलेली,
सोललेल्या शेंगदाण्याएवढं नाक.
डोक्यावर कर्ज दिसेना.
टोपी होती, पिवळी, मोठी होत होती.

सवय वाईट. चष्मा पुसून
मी आधी पेटीवरचा पांढरा रंग वाचला,
जडसंग्रह क्रमांक, खाली साल.
जडसंग्रह.
आत पोट वरखाली होत होतं.
ते साल मला पक्कं आठवतं.
शिल्लक नव्हती.

ही देणेकरी, मी सावकार,
मध्ये एक काच,
आणि काच दोघींच्या नावावर.
२०६३ मध्ये ही चाळिशीला टेकेल,
कर भरेल, शिव्या देईल, पुलावरून जाईल,
आणि माझं मुद्दल फेडेल
कुणाला? वारसाचा रकाना
मी कोरा ठेवलाय. लिहिण्यासारखं कुणी उरलं नाही.

घरी येऊन तो फॉर्म काढला.
हिचंच नाव लिहिलं तर
हिचं देणं हिलाच येणं.
भावजींना फोनवर सांगितलं,
ते बराच वेळ बोलले नाहीत,
मग म्हणाले, वहिनी, असं हिशेबात चालत नाही.
चालतं, मी म्हटलं. चौतीस वर्षं चालवलंय.
पण ठोकळे आठवले, आणि आवाज बसला.

फॉर्मला पूर्ण नाव लागतं.
पेटीवरच्या चिठ्ठीत नुसतं
"रोहिणी ओव्हाळ यांचे बाळ".
बारसं कधी, कुणी सांगत नाही,
मीही विचारत नाही.

आज ओव्हाळ गेटवरूनच ओरडले,
एक किलो चारशे वीस!
कालच्यापेक्षा
वीस ग्रॅम जमा.